उत्तर कोकणातील पतंग : सांगाड्याची घडण व उड्डाण

पतंग : कामट्यांच्या सांगाड्यावर कागद अथवा कापड ताणून बसविलेले, दोऱ्याने जमिनीशी जखडलेले व वाऱ्याच्या दाबावर तरंगणारे साधन. काटाकाटीसाठी वापरला जाणारा भारतीय पतंग हा या साधनाचा एक विशेष प्रकार होय. त्याला लांब शेपूट नसते, सुकाणू नसते आणि दोराही एकच असतो. तरीही तो उडविणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे डावीकडे वळतो, उजवीकडे झेपावतो, सूर मारतो व पुन्हा उसळी घेतो. या वर्तनाचे कारण त्याच्या सांगाड्याच्या लवचिकपणात आहे. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या अनुषंगाने केला आहे. मराठी व गुजराती पतंगपरंपरा येथे एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि समुद्राचा व डोंगराचा असे दोन निराळ्या स्वभावांचे वारेही थोड्या अंतरात अनुभवास येतात.

इतिहास : पतंगाचे मूळ सामान्यतः चीनमध्ये मानतात. तेथील परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आग्नेय आशियातील किनाऱ्यांवर मोठ्या पानांचे पतंग मासेमारीसाठी वापरीत. ती परंपराही प्राचीन आहे. भारतात पतंग कोणत्या वाटेने आला याविषयी मतभेद असले, तरी कागदी पतंगाचा प्रसार कागदाच्या प्रसाराबरोबर झाला असला पाहिजे. या दृष्टीने एका मराठी संतकवीचा दाखला महत्त्वाचा आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या (१२७०–१३५०) एका पदात कागदाच्या ‘गुडी’चा, म्हणजे पतंगाचा, दृष्टांत येतो. गुडी उडविणारा चारचौघांशी बोलत असला, तरी त्याचे चित्त दोरीकडेच असते, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रात दौलताबादजवळील कागजीपुरा व जुन्नर ही हातकागदाची नामांकित केंद्रे पुढे झाली, हेही येथे ध्यानात घ्यावे. एकनाथ व दासोपंत या सोळाव्या शतकातील कवींच्या रचनांत पतंगाला ‘वावडी’ हा शब्द आढळतो. बोलीत हा शब्द आजही आहे. मोठ्या आकाराच्या, जाड दोऱ्यावर उडवावयाच्या पतंगास वावडी म्हणतात. अफवांना ‘वावड्या’ म्हणण्याचा प्रघात मात्र मूळ वस्तूपेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

वावडी व काटाकाटीचा पतंग यांतील भेद केवळ आकाराचा नाही. वावडी आकाशात एका जागी स्थिर राहावी अशी अपेक्षा असते. काटाकाटीचा पतंग चंचल असावा लागतो. हा चंचल पतंग मुख्यतः उत्तर भारतातील दरबारी व नागरी जीवनात घडत गेला. दिल्ली व लखनौ येथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पतंगबाजीला मोठा आश्रय मिळाला. दोन कमानींचा ‘तुक्कल’ हा त्या काळचा भारदस्त प्रकार; तो बनविण्यास कठीण व उडविण्यास जड असे. पुढे एकाच कमानीचा, हलका व चपळ पतंग सर्वत्र रूढ झाला. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्यास गेला व तेथे मटियाबुर्ज भागात लखनवी करमणुकींची जी पुनःस्थापना झाली, तीत पतंगही होता. पश्चिमेस अहमदाबाद, खंबायत व सुरत ही पतंग व मांजा यांची केंद्रे बनली. मुंबईत डोंगरीचा पतंगबाजार प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील येवले येथे भोगी, संक्रांत व कर असे तीन दिवस पतंगोत्सव चालतो. तेथील ‘आसारी’ हे दोरा गुंडाळण्याचे साधन इतरत्रच्या फिरकीहून वेगळ्या घडणीचे असते.

सांगाडा : काटाकाटीच्या पतंगात दोनच कामट्या असतात. उभी कामटी म्हणजे दांडा. गुजरातीत तिला ‘ढड्ढो’ व हिंदीत ‘ठड्डा’ म्हणतात. आडवी कामटी म्हणजे कमान. दांडा जाड व जवळजवळ ताठ असतो. कमान मात्र बारीक असून मध्यभागी किंचित जाड व दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली असते. ती वाकवून तिची टोके कागदाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत चिकटविली, की तिच्या सरळ होण्याच्या ओढीमुळे सगळा कागद ताणलेला राहतो. बुडाशी कागदाचे एक लहानसे पान जोडलेले असते. त्यामुळे पतंगाच्या मागील भागास थोडा आधार मिळतो. कडेने दोरा घालून कागद मुडपल्यास तो फाटत नाही. कन्नीचा वरचा दोरा दांडा व कमान यांच्या छेदाशी आणि खालचा दांड्याच्या खालच्या भागात बांधतात. (‘कन्नी’ हा शब्द हिंदीत पतंगाच्या कडेला व तेथे समतोलासाठी बांधावयाच्या चिंधीला लावतात, मराठीत तो दोऱ्याच्या बांधणीसाठी वापरला जातो. दोन्ही भाषांच्या पतंगबाजांत यावरून गोंधळ होतो.)

या सांगाड्याचे मर्म असे, की त्याचा आकार उडताना सतत बदलतो. दोरा ताणला असता वाऱ्याचा दाब पतंगावर वाढतो. दांडा कन्नीने धरून ठेवलेला असल्यामुळे मागे हटत नाही. परंतु कमानीची दोन्ही टोके मागे लवतात. पतंगाच्या दोन अंगांमध्ये एक उथळ कोन तयार होतो. विमानविद्येत ज्याला द्वितल कोन म्हणतात, तोच हा. या कोनामुळे स्थैर्य येते : पतंग एका अंगावर कलू लागला, तर त्या अंगावर वाऱ्याचा दाब अधिक पडतो व तो पूर्ववत होतो. अशा स्थितीत पतंग नाकाच्या दिशेने सरळ धावतो, मग नाक वर असो, आडवे असो वा जमिनीकडे असो. दोरा सैल सोडला की दाब कमी होतो, कमान पुन्हा सरळ होते, पतंग सपाट बनतो आणि सपाट होताच त्याचे स्थैर्य नाहीसे होऊन तो स्वतःभोवती फिरू लागतो. नाक हव्या त्या दिशेस आले, की उडविणारा पुन्हा दोरा खेचतो. कमान लवते व पतंग त्या दिशेने निघतो.

उडविणाऱ्याच्या हाती असतो तो केवळ दोऱ्याचा ताण. डावे-उजवे असे काहीही तो वर पाठवू शकत नाही. ताण व सैलपणा या दोनच खुणांचा अर्थ लावून वळण्याचे काम कमान करते. ठुमकी मारणे, ढील देणे, खेचणे हे शब्द हाताच्या क्रियांचे असले, तरी त्या क्रियांना फळ येते ते कमानीच्या लवचिकपणामुळे. कमान हेच या पतंगाचे सुकाणू आहे आणि ते कारागिराने जमिनीवरच, चाकूने तासून, बसवून दिलेले असते. पतंगबाजीची वर्णने बहुधा उडविणाऱ्याच्या कौशल्यावर भर देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या कौशल्याचा निम्मा वाटा कामटी तासणाऱ्याचा मानावयास हवा.

कमान किती ताठ असावी हे वाऱ्यावर ठरते. ताठ कमान मंद वाऱ्यात पुरेशी लवत नाही. असा पतंग हाती येत नाही, गरगरत राहतो व गोत खातो. तोच पतंग जोरदार वाऱ्यात उत्तम चालतो. याउलट नरम कमानीचा पतंग मंद वाऱ्यात शहाण्यासारखा वागतो, पण वारा वाढला की त्याची अंगे फार मागे जातात, वाऱ्याला सामोरे असलेले क्षेत्र घटते आणि तो एका बाजूस घसरत जातो. वळविण्यास सांगितले तरी वळत नाही. काटाकाटीच्या दोन पद्धतींचाही येथे संबंध येतो. झपाट्याने खेचून दुसऱ्याचा दोर कापावयाचा असेल, तर वेगाने धावणारा, ताठ कमानीचा पतंग सोयीचा. ढील देत देत घर्षणाने कापावयाचे असेल, तर दोरा सुटत असतानाही ज्याची कमान लवलेली राहील असा नरम व मोठा पतंग हवा.

दांड्याचे काम वेगळे. तो दुबळा असेल, तर वाऱ्याच्या झोताबरोबर वाकतो. कन्नीने ठरवून दिलेला कोन दर क्षणी बदलतो व पतंगाचा स्वभावच अनिश्चित होतो. तो फार जाड असेल तर वजन वाढते. कन्नीचा खालचा दोरा वरच्यापेक्षा थोडा लांब ठेवला, तर नाक उडविणाऱ्याकडे झुकते, पतंग वाऱ्याला कमी अडवितो व वेगवान वाऱ्यात सुरळीत चढतो. खालचा दोरा आखूड केला, तर तो वाऱ्याला अधिक अडवितो. मंद वाऱ्यात उचल मिळते, पण चंचलताही वाढते. हे अंतर बोटाच्या रुंदीने मोजतात. एखाद्या बोटाच्या फरकाने पतंगाची जात बदलल्यासारखी वाटते, असे अनुभवी लोक सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

दोन्ही अंगांचा समतोल ही तिसरी बाब. कमानीची एक बाजू दुसरीपेक्षा जाड राहिली, तर ती बाजू जड होते व लवतेही कमी. पतंग नेहमी एकाच अंगाला ओढ घेतो. उपाय म्हणून हलक्या बाजूच्या टोकास कागदाची गुंडाळी वा दोऱ्याचा तुकडा बांधतात. यामुळे वजनातील फरक भरून निघतो, लवचिकपणातील निघत नाही. म्हणून तासणीतच काळजी घेणे इष्ट. बांबूचे तंतू सालीकडे दाट व गाभ्याकडे विरळ असतात. चांगला कारागीर सालीची बाजू राखून आतील बाजू तासतो, कमानीसाठी लांब पेऱ्याचा बांबू निवडतो आणि गाठ टाळता आली नाही तर ती दोन्ही बाजूंना समान अंतरावर येईल असे पाहतो. बांबू पक्व व वाळलेला असावा लागतो. ओल्या बांबूची कमान काही दिवसांत वाकलेलीच राहते व सरळ होण्याची ओढ गमावते.

पाश्चात्त्य पतंगांशी तुलना : लवचिक सांगाड्याने दिशा साधण्याची ही रीत किती निराळी आहे, हे युरोप-अमेरिकेतील प्रयत्नांकडे पाहिल्यास कळते. अमेरिकेतील विल्यम एडी याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलायी नमुन्यावरून बिनशेपटीचा पतंग तयार केला व १९०० मध्ये त्याचे एकस्व मिळविले. त्याने आडवी काठी मागच्या बाजूने दोरीने ताणून कायमची वाकविली. पतंग अतिशय स्थिर झाला आणि हवामानाच्या निरीक्षणांसाठी उपयोगी पडला. पण कमान कधीच सरळ होत नसल्याने तो वळविता येईना. भारतीय कारागिराने जे वाऱ्यावर सोडले होते, ते एडीने दोरीने बांधून टाकले.

वळणारा पतंग पाश्चात्त्यांनी मिळविला तो दोऱ्यांची संख्या वाढवून. इंग्लंडमधील जॉर्ज पोकॉक याने १८२६ मध्ये पतंगांनी ओढावयाच्या गाडीचे एकस्व घेतले. तीत पतंगांचे नियंत्रण अनेक दोऱ्यांनी होत असे. राइट बंधूंनी १८९९ मध्ये चार दोऱ्यांच्या दुपंखी पतंगावर पंख मुरडण्याचा प्रयोग केला; विमानाच्या इतिहासातील तो मोठा टप्पा होय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलातील पॉल गार्बर याने तोफचींच्या सरावासाठी सुकाणू असलेला दोन दोऱ्यांचा लक्ष्य-पतंग तयार केला. फ्रान्सिस रोगॅलो याने १९४८ च्या सुमारास काठ्याच नसलेला लवचिक पंख बनविला. त्याचा पहिला नमुना त्याच्या पत्नीने स्वयंपाकघरातील पडद्याच्या कापडातून शिवला होता. इंग्लंडमधील पीटर पॉवेल याने १९७० नंतरच्या दशकात दोन दोऱ्यांचा कसरती पतंग लोकप्रिय केला. त्यानंतर कार्बनतंतूंच्या नळ्यांचे त्रिकोणी पतंग आले आणि १९९० च्या सुमारास पुढे-मागे दोन्हीकडे उडू शकणारे चार दोऱ्यांचे पतंगही.

या कसरती पतंगांत सांगाड्याचा ताठपणा हाच गुण मानला जातो. डावा दोरा ओढला तर डावे वळण, उजवा ओढला तर उजवे. मधल्या सांगाड्याने हा निरोप विकृत न करता पोचवावा, एवढीच अपेक्षा. नळ्या ताठ असल्या की वळण काटेकोर होते, नरम असल्या की ते उशिरा व गोलसर येते. मागील टोकाशी थोडे वजन वाढविल्यास कोलांट्या सोप्या होतात. तेथे लवचिकपणा हा बहुधा दोष. येथे तोच प्राण. दोन्ही मार्गांनी वळणारा पतंग सिद्ध झाला, परंतु एका मार्गाला आधुनिक द्रव्यांची गरज भासली व दुसऱ्याला बांबूची एक चांगली कामटी पुरली.

डहाणू व तलासरी परिसर : हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यांचा समावेश त्यात झाला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होताना उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली व राज्यसीमा या सलग प्रदेशातून आखली गेली. सीमेच्या अलीकडे डहाणू, घोलवड, बोर्डी, झाई या गावांत गुजराती बोलणाऱ्यांची वस्ती आहेच. पलीकडे मराठी व वारली बोलणारेही आहेत. पतंगाच्या बाबतीत ही सीमा फारशी जाणवत नाही. गुजरातची उत्तरायण व वासी उत्तरायण आणि महाराष्ट्राची भोगी, संक्रांत व किंक्रांत हे दिवस एकमेकांवर येतात. तिळगुळाची देवघेव व ‘काय पो छे’ची आरोळी एकाच गच्चीवर ऐकू यावी, हे येथे नवलाचे नाही.

पतंगाच्या दृष्टीने या परिसराचे वैशिष्ट्य म्हणजे येथील जानेवारीतील वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होत असल्याने सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मंद असतो. जमीन तापू लागली की तो पडतो आणि दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो. डहाणू-बोर्डीच्या लांब, सपाट किनाऱ्यावर हा दुपारचा वारा पाण्यावरून विनाअडथळा येत असल्यामुळे सलग व जोमदार असतो. सकाळी पतंगाची झेप समुद्राकडे, दुपारी गावाकडे. म्हणजे सकाळी कटलेला पतंग पाण्यात जावयाचा व दुपारी कटलेला वाडीत. सकाळच्या वाऱ्याला नरम कमान मानवते, दुपारच्या वाऱ्याला ताठ. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन प्रकारचे सांगाडे लागावेत असे हे हवामान आहे. ज्यांच्याजवळ एकच पतंग असतो, ते कन्नीचा खालचा दोरा दुपारी बोटभर सैल करून काम भागवितात.

किनाऱ्यापासून आत गेले की स्थिती बदलते. प्रथम सुरूच्या झाडांच्या रांगा व चिकूच्या वाड्या लागतात. वारा त्यांवर आपटून त्याचे भोवरे होतात. झाडांच्या शेंड्यांपर्यंत पतंग सावरणे कठीण जाते व त्यावर पोचला की तो एकाएकी स्थिर होतो. पूर्वेस तलासरीकडे जमीन चढत जाते, टेकड्या लागतात आणि वारा झोतांनी येतो. तेथे फार चंचल पतंगाचा उपयोग नाही. मुले काटाकाटीच्या पतंगालाही चिंध्यांची वा कागदाची शेपटी लावतात, ते याचसाठी. शेपटीने पतंगाचे वळणे मंदावते, पण झोत सोसण्याची शक्ती येते. शहरातील पतंगबाज याला पोरखेळ समजतात. वाऱ्याचा विचार केला, तर तो योग्य उपायच आहे.

या तालुक्यांतील आदिवासी समाजांना बांबूचे ज्ञान परंपरेने आहे. टोपल्या, सुपे, कणग्या व मासे पकडावयाची साधने बांबूच्या पट्ट्यांची होतात. तारपा या वाद्यातही दुधी भोपळ्याबरोबर बांबूच्या नळ्या असतात. बांबू कोणत्या वयाचा तोडावा, तंतू न तुटू देता कसा चिरावा, कोणती बाजू राखावी हे टोपली विणणाऱ्यास जेवढे कळते, तेवढेच पतंगाच्या कारागिरास कळावे लागते. तरीही येथील बाजारात संक्रांतीला येणारे पतंग बहुतेक बाहेरून, विशेषतः गुजरातमधील केंद्रांतून येतात व त्यांतील कामट्यांसाठी आसामकडील बांबूही वापरला जातो. बांबू व हात दोन्ही जवळ असताना पतंगाचा व्यवसाय येथे का रुजला नाही, हा प्रश्न अभ्यासकांनी घेण्यासारखा आहे. मागणी वर्षातून काही दिवसांचीच असणे, हे एक कारण उघड आहे. टोपलीला बारा महिने गिऱ्हाईक असते.

दोरा व नवी द्रव्ये : सांगाड्याचे काम ताणाच्या खुणेवर चालत असल्यामुळे ती खूण वर पोचविणारा दोरा हाही सांगाड्याचाच भाग मानला पाहिजे. सुती दोऱ्यावर काचेची पूड, भात वा खळ आणि रंग यांचा लेप देऊन मांजा तयार करतात. सुरत व बरेली येथील मांजा प्रसिद्ध आहे. सुती दोरा फारसा ताणला जात नाही. हाताने मारलेली ठुमकी तशीच कमानीपर्यंत जाते. गेल्या काही दशकांत ‘चिनी मांजा’ या नावाने एकतंतू नायलॉनचा मांजा विकला जाऊ लागला. त्याचे उत्पादन देशातही होते. तो सहजी तुटत नाही व कुजत नाही. त्यामुळे वाहनस्वारांचे गळे कापले जाण्याचे व पक्षी जायबंदी होण्याचे प्रकार वाढले. वाड्यांतील झाडांवर तो वर्षानुवर्षे गुंतून राहतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व इतर कृत्रिम तंतूंच्या मांजावर देशभर बंदी घातली. तथापि तो चोरून विकला जातो आणि दर संक्रांतीस त्याच्या जप्तीच्या बातम्या येतात.

या मांजाचा एक दोष चर्चेत येत नाही. नायलॉन रबरासारखा ताणला जातो. लांब सोडलेल्या दोऱ्यात ठुमकी वाटेतच विरते आणि सैल सोडल्यावरही दोरा काही काळ आखडत राहून कमानीवर ताण ठेवतो. पतंग वेळेवर सपाट होत नाही, म्हणून वेळेवर वळत नाही. ज्याला असा मांजा वापरावयाचा असतो, तो डावपेचांच्या भानगडीत न पडता दोऱ्याच्या बळावरच दुसऱ्याचा पतंग तोडतो. कागदाऐवजी आलेल्या प्लास्टिकच्या पातळ पटलाचीही गत अशीच आहे. ते फाटत नाही व दवाने भिजत नाही, हे खरे. परंतु उन्हात ते सैल पडते, कमानीला कागदासारखा घट्ट विरोध करीत नाही व तिची ओढ वाया जाते. अशा पतंगाला जाड, ठोकळ कामट्या लावल्या तरी खपून जातात, कारण तो वळेल अशी अपेक्षाच उरलेली नसते. डहाणूच्या बाजारात संक्रांतीच्या आधी कागदी व प्लास्टिकचे पतंग शेजारी शेजारी टांगलेले असतात. जाणते गिऱ्हाईक कागदी पतंग हाती घेते, कमानीची दोन्ही टोके हलकेच मागे दाबून ती सारखी लवतात की नाही ते पाहते, आणि मगच किंमत विचारते.